आजोबांच्या वाट्याला आभाळ

"नातवंडं येतात, पण आमच्यात रमत नाहीत." ही तक्रार आजी-आजोबांकडून मी नेहमी ऐकते. त्यातलेच हे एक आजोबा (तपशील थोडे बदललेत). ७ वर्षांची नात सुट्टीला येणार म्हणून त्यांनी हौसेने जिगसॉ पझल आणलं होतं. अर्ध्या तासात पोरगी उठली आणि मोबाईल घेऊन बसली.

"हल्लीच्या मुलांना चिकाटीच नाही हो."

"किती तुकड्यांचं होतं?"

"हजार!"

या वयाला ६० ते १०० तुकडे पुरे. हजार पसरले की मोठ्यांचंही डोकं गरगरतं. पण खरी गोम पुढेच होती. तिने तुकडा उचलला रे उचलला की आजोबा म्हणायचे, "तो तिथे नाही बसणार." त्यांचं बरोबरच असायचं, म्हणून तर तिला शोधायला काही उरत नव्हतं.

जिगसॉची सुरुवात मानतात ती अशी: लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे करणाऱ्याने १७६०च्या दशकात लाकडावर नकाशे चिकटवून त्यांचे तुकडे पाडले, ते मुलांना भूगोल शिकवायला. तेव्हा पझल समोर आलं की तुमच्यातला मास्तर जागा होणारच, असं मी म्हटलं. ते हसले. तोवर जरा आखडूनच बसले होते.

मग ठरलं ते असं: १०० तुकड्यांचं आणायचं, चित्र तिने निवडायचं. कोपरे आणि सपाट कडांचे तुकडे तिचे. आजोबांनी फक्त आभाळ लावायचं. तिथे सगळंच निळं, नुसत्या आकारावरून शोधायचं. म्हणजे त्यांचंही चुकणार आणि ते तिला दिसणार. खाली प्लायवूडची फळी, कंटाळा आला की सगळं पलंगाखाली सरकवायचं. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. आणि बसायचं शेजारी. समोर बसवून "शाळा कशी चाललीय?" विचारलं की "छान"च्या पुढे गाडी जात नाही.

आठवड्याने त्यांचा फोन आला. तुकडे चाळता चाळता, मान वर न करता, नातीने सांगितलं होतं की वर्गातली मैत्रीण तिच्याशी बोलत नाही. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. निळा तुकडा शोधत राहिलो. मग तीच बोलत राहिली."

जरा थांबून म्हणाले, "एक चूक झाली मात्र. रात्री ती झोपल्यावर राहवेना. तिच्या बाजूचे आठ तुकडे लावून टाकले."

"मग?"

"परत काढून ठेवले."