बोटीतलं पेट्रोल पाण्यात सांडलं तर साबण ओतू नका

तुम्ही लिहिलंय की नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बोटीच्या टाकीत पेट्रोल भरताना अंदाजे अर्धा लिटर पाण्यात गेलं, रंगीत तवंग पसरला, मग बरोबरच्या एकाने भांडी घासायचं लिक्विड ओतलं आणि तवंग दिसेनासा झाला. हे बरोबर झालं का, असं तुम्ही विचारताय. नाही, बरोबर झालं नाही. ओतणाऱ्याचा हेतू चांगला होता हे कळतं. बहुतेकांना हेच सुचतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिक्विडने पेट्रोल कमी होत नाही. त्याचे बारीक थेंब होतात आणि ते वरून खाली पाण्यात मिसळतात. वर राहिलं असतं तर उन्हावाऱ्याने त्यातलं बरंचसं उडून गेलं असतं. आता ते खाली, माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचतं. शिवाय साबण स्वतःच कल्ल्यांना घातक असतो. काठाजवळच्या उथळ पाण्यातच माशांची पिल्लं असतात, म्हणजे फटका नेमका तिथेच बसतो. माती किंवा भुसा टाकणंही तसंच. तेलाला चिकटून तो गाळ तळाला बसतो आणि तिथेच राहतो.

अर्ध्या लिटरने धरण खराब होत नाही, तेव्हा घाबरू नका. गंगापूरची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आहे. पण एवढंसं पेट्रोल किती पसरतं ते बघा. इंद्रधनुष्यी रंग दिसायला तवंग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम एक तृतीयांश जाड असला तरी पुरतो. या हिशेबाने एक लिटर पेट्रोल सुमारे ३३ गुंठे पाणी झाकू शकतं. पेट्रोलमधल्या बेन्झिन या विषारी, कर्करोगकारक द्रव्याचंही गणित मांडून बघा. आपल्या पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे लिटरमागे साधारण नऊ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ते सगळं पाण्यात उतरलं तर जवळजवळ नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचेल. प्रत्यक्षात बरंचसं हवेत जातं, आणि म्हणूनच त्याला साबणाने पाण्यात ढकलायचं नसतं. नाशिक शहरातल्या बहुतेक घरांच्या नळाला हेच पाणी येतं.

मग करायचं काय? आधी बघायचं, सांडलं ते पेट्रोल की डिझेल. दोन्हींची रीत वेगळी आहे.

पेट्रोल असेल तर पहिली भीती आगीची. डिसेंबरच्या पहाटे नाशिकच्या थंडीतही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती पाण्यालगत आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. सांडणं थांबवा, पोहणाऱ्यांना बाहेर काढा, विडी-सिगारेट आणि शेगडी विझवा, आणि सगळ्यांना वारा येतोय त्या बाजूला न्या. जवळपासचं कोणतंही इंजिन सुरू करू नका. पाण्यावरचं पेट्रोल दोर किंवा लाकडं टाकून एका जागी अडवायला जाऊ नका, त्याने वाफ दाटते आणि ठिणगीला जागा मिळते. थोडंच असेल तर उडून जाऊ द्या. बोटीच्या अंगावर लागलेलं तेवढं फडक्याने पुसून घ्या.

डिझेल लवकर उडत नाही, म्हणून ते अडवायचं आणि टिपायचं. तेल शोषून पाणी न शोषणारे पांढरे पॅड मिळतात. असे दहा-बारा पॅड आणि त्याच कापडाचा एक लांब लोड बोटीत कायम ठेवा. डिझेल पक्ष्यांच्या पिसांना लागलं की पिसं पाणी अडवेनाशी होतात. नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीवरचं पक्षी अभयारण्य २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. तिथे हिवाळ्यात उतरणारी चक्रवाक, थापट्या आणि वर्षभर दिसणारी हळदीकुंकू बदकं आठवा. पीस भिजलेला पक्षी थंडीने मरतो. आणि गंगापूर धरण ज्या गोदावरीवर आहे, तिचं पाणी तिथपर्यंत पोचतं.

बोटीच्या आत सांडलेलं पेट्रोल मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते दिसत नाही. फळ्यांखाली तळाच्या पाण्यावर तरंगत असतं. वास आला की इंजिनची चावी, लाइट, तळातलं पाणी उपसायचा पंप, कशालाच हात लावू नका. पंपाच्या ठिणगीने भडका उडू शकतो आणि पंप ते पेट्रोल थेट धरणात फेकतो, दोन्ही वाईट. माणसं खाली उतरवा, सगळी झाकणं उघडा, फडक्याने टिपा, वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. आणि टाकी रिकामी करायला नळीने तोंडाने पेट्रोल ओढायची सवय कुणाला असेल तर ती मोडा. घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. गिळलं गेलं तर उलटी काढायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आता सांडू नये म्हणून. बहुतेक वेळा भरतानाच सांडतं, त्यामुळे एकच नियम धरा: सुटी टाकी बोटीतून उतरवायची, काठापासून लांब सपाट जमिनीवर ठेवायची आणि तिथेच भरायची. टाकी जमिनीला टेकलेली असली की स्थिर विजेची ठिणगीही टळते. खाली जुनी परात ठेवा, रुंद तोंडाचं नरसाळं वापरा, भरणाऱ्याने गप्पा मारायच्या नाहीत.

टाकी गळ्यापर्यंत भरू नका. पंपावरचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून थंड येतं आणि बोटीत उन्हात तापतं. २५ लिटर पेट्रोल २० अंशांवरून ४० अंशांना गेलं की जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. ते झाकणातून बाहेर येणार. तुम्ही पाठवलेल्या फोटोत टाकी काठोकाठ दिसतेय, मला वाटतं तुमचं अर्धं दुखणं इथेच आहे. झाकणावरचा हवेचा स्क्रू इंजिन चालू असताना उघडा आणि गाडीतून नेताना बंद हवा. दुपारी थांबलात तर होज (टाकीतून इंजिनाला पेट्रोल नेणारी नळी) टाकीपासून काढून ठेवा, नाहीतर तापलेल्या टाकीचा दाब पेट्रोल इंजिनात ढकलतो आणि ते कार्ब्युरेटरमधून गळतं.

होज आणि त्यावरचा रबरी फुगा हातात घेऊन वाकवून बघा. चिरा दिसल्या, चिकट लागलं, तर बदला. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. क्लिपा आणि कनेक्टरमधली रबरी रिंगही तपासा. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं आणि पुढे इंजिन बंद पडतं.

तुमचं इंजिन जुनं टू-स्ट्रोक असेल तर आणखी एक गोष्ट. कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळताच एक्झॉस्टमधून पाण्यात जातो. टाकीतून वर्षभरात सांडेल त्याच्या कितीतरी पट हे आहे. पिण्याच्या पाण्यावर तरी मी फोर-स्ट्रोकच घ्या म्हणेन, आणि नुसतं फिरायचं असेल तर वल्ही.

भिजलेली फडकी गाडीच्या डिकीत कोंबू नका. वाहती हवा असेल तिथे, आगीपासून लांब पसरून वाफ जाऊ द्या. डिझेल-ऑइलची फडकी पिशवीत बांधून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या, घंटागाडीत नको.

सांडलेलं जास्त असेल, पसरत असेल किंवा आगीची शक्यता असेल तर आधी १०१ किंवा ११२. मग धरणावरचे जलसंपदा विभागाचे कर्मचारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नाशिक कार्यालय. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने पाण्यात प्रदूषक सोडायला मनाई आहे, त्यामुळे लोक कळवायला घाबरतात. तरी लगेच कळवा. जागा, किती सांडलं, पेट्रोल की डिझेल, वारा कुठे वाहतोय, एवढं सांगितलं की पाणी उचलणाऱ्यांना निर्णय घेता येतो.

होजचा फोटो टाका, कुठली बदलायची ते सांगतो.