आजोबांची फियाट 1100 डिलाइट आतून मूळ रूपात आणायची आहे. सीटपासून सुरुवात करू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1967 ची, कुर्ल्यात बनलेली, बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. पुढची सीट फाटलीय, छताचं कापड लोंबतंय, दार उघडलं की कुबट वास येतो, आणि एक कुशनवाला आठवड्यात सगळं लेदरमध्ये करून द्यायला तयार आहे. त्याला एवढ्यात गाडी देऊ नका. सीट हे सगळ्यात शेवटचं काम. तो वास कापडाचा नाही, पाण्याचा आहे. पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत आत घातलेला प्रत्येक रुपया पुढच्या पावसाळ्यात भिजणार.

आधी गाडी नेमकी कोणती ते स्वतःशी पक्कं करा, सुट्या भागांचा सगळा हिशेब त्यावर आहे. आपल्याकडे 1954 पासून आलेली गोल नाकाची 1100, म्हणजे आपली डुक्कर फियाट, हिची पुढची दारं उलटी उघडतात आणि आतलं सामानही वेगळं. तुमची डिलाइट म्हणजे इटलीतली 1100 डी. तिकडे ती 1962 ते 1966 एवढीच बनली. आपल्याकडे ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मात्र 1964 ला धरलेला तोच सांगाडा प्रेसिडेंट, मग पद्मिनी अशी नावं बदलत 2000 च्या आसपासपर्यंत चालवला. म्हणून पद्मिनीचं बरंच सामान तुम्हाला चालेल, पण जुना तुकडा हातात घेऊन, शेजारी ठेवून बघूनच घ्या. शेवटच्या काळातल्या पद्मिनींना गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ नसून खाली जमिनीवर आणि पुढे दोन वेगळ्या सीटा आल्या होत्या, त्यांचं आतलं काही उपयोगाचं नाही. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमच्या बंद झाल्या, तेव्हा भंगारातून मिळणारा माल आटत जाणार हेही लक्षात ठेवा. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यातली नाना पेठ इथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत चक्कर मारायची असेल तर लवकर मारा. काचांचे आणि दारांचे रबर इटलीतून मागवता येतात आणि ते चांगले असतात. फक्त डॅशबोर्ड, पायाखालचं रबर मॅट, पेडलजवळचं काहीही तिथून घेऊ नका. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे.

आता पाणी. सीट, मॅट, दारांचे पॅनेल काढून गाडी आतून उघडी करा. एक जण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून नळीने पाणी सोडेल. पाणी खालून वर न्यायचं: आधी दारांच्या तळाशी, मग बॉनेटखालच्या आडव्या पत्र्यावर, मग पुढच्या काचेच्या रबरावर, शेवटी टपावर. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि भोक सापडत नाही. दाराचं रबर नीट बसतं की नाही हे पाहायला त्यावर खडू घासा आणि दार एकदा लावून उघडा. चौकटीवर खडूची रेघ जिथे तुटेल तिथून पाणी येतं. वायरी आणि केबल जिथून इंजिनाकडे जातात त्या भोकांचे रबर या वयात बहुतेक दगड झालेले असतात. ते स्वस्त आहेत, सगळे बदला. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी दारातच साठतं आणि पॅनेलचा पुठ्ठा पोटातून फुगतो.

गाडीच्या जमिनीवर, म्हणजे पायाखालच्या पत्र्यावर, कारखान्याने चिकटवलेले डांबरी पट्टे असतील. ते वरून धड दिसले तरी हीट गनने गरम करून खरवडून काढा, कारण गंज त्यांच्याखाली झोपलेला असतो. मग जाड स्क्रूड्रायव्हरने पत्रा टोचत जा. इथे एक गोष्ट कळीची आहे: या गाडीला वेगळी चॅसिस, म्हणजे खालची स्वतंत्र चौकट, नाही. जमीन, दारांखालच्या बाजूच्या पेट्या आणि टप मिळूनच गाडीचं वजन पेलतात. म्हणून सडलेल्या जागी रिव्हेट मारून पत्रा ठोकणं किंवा फायबरचा लेप देणं म्हणजे पायाची भेग रंगवून टाकणं. चांगला डेंटर सडका भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्ड करेल, आणि बाजूच्या पेटीला हात लावण्याआधी दारांच्या चौकटीत आधार ठोकेल. नाहीतर काम झाल्यावर दारं लागत नाहीत. याला वेळ आणि पैसे सगळ्यात जास्त लागतात. कुशनवाल्याच्या अंदाजपत्रकात मात्र याचा उल्लेखही नसतो.

आतून गाडी उघडी असतानाच वायरिंग बघून घ्या. बॅटरीची तार सोडा, डॅशबोर्डमागच्या वायरी हाताने हलकेच वाकवा. आवरण तडकत असेल तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदला, तुकड्याला टेप गुंडाळून भागवू नका. हे नंतर करायचं म्हटलं तर सगळं परत काढावं लागतं. एवढं सांगून पुढे जातो.

छत. या गाडीच्या छताचं कापड आडव्या तारांच्या कमानींवर ताणलेलं असतं आणि कडा काचांच्या रबराखाली चिकटवलेल्या असतात. म्हणजे पुढची-मागची काच काढल्याशिवाय ते नीट होत नाही. काच न काढता करून देतो म्हणणारा कडेला पट्टी लावून खोटं काम करणार. कमानी काढताना प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी लावा. सगळ्या सारख्या दिसतात पण वाक वेगवेगळा असतो, आणि अदलाबदल झाली की छताला सुरकुती पडते ती मरेपर्यंत जात नाही. चिकटवायचं सोल्यूशन उष्णता सहन करणारं घ्या आणि हे काम कोरड्या दिवसांत करा. हवा दमट असली की लावलेल्या सोल्यूशनवर ओलावा धरतो आणि पकड येत नाही. जुलैत छत चिकटवणाऱ्या कारागिराला मी तरी गाडी देणार नाही.

दारांचे पॅनेल पुठ्ठ्याचे किंवा हार्डबोर्डचे असतात. नवे 3 मिमी हार्डबोर्डमधून कापा, भोकं जुन्यावरून मारा, आणि मागच्या बाजूला आणि कडांना वॉर्निश पाजा. पॅनेल आणि दार यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद लावायला विसरू नका. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांतून तो कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला असतो. रेक्झिनवरच्या रेघा नीट बघा. त्या काळी बऱ्याच गाड्यांच्या पॅनेलवरच्या रेघा शिवलेल्या नसून उष्णतेने दाबून उमटवलेल्या असत. शिलाई मशीनवर तशाच रेघा मारल्या की लांबून ठीक दिसतं, पण जाणकाराला दारात उभ्या उभ्याच कळतं. जुनं रेक्झिन फक्त मळलं असेल तर सौम्य साबण, मऊ ब्रश आणि धीर पुरतो. थिनर अजिबात नको. हस्तिदंती रंगाच्या प्लास्टिकच्या मुठींनाही नको, त्या पांढुरक्या पडतात.

स्टिअरिंगच्या चाकाला भेगा असतील. त्या कोरून खोबणीसारख्या रुंद करायच्या, एपॉक्सी पुट्टी भरायची, घासायची, रंगवायची. हॉर्नची कडी क्रोमला देण्याआधी बघा. जस्ताच्या मिश्रधातूच्या वस्तूंना, ज्याला बाजारात माझक म्हणतात, फोड आलेले असतात, आणि क्रोमवाला ते घासता घासता वस्तूचा आकारच घालवतो. थोडे डाग राहिले तरी मला ते चालतात.

आणि आता सीट. लेदर नको. ही गाडी कधीच लेदरची नव्हती, आणि लेदर म्हणजे भारी हा हिशेब इटालियन गाड्यांना नेहमी लागूही पडत नाही. लान्चियाच्या उंची गाड्यांत लोकरीचं कापड असायचं आणि आजही जाणकार त्याच कापडाच्या मागे असतात. अल्फा रोमिओनेही साठच्या दशकात टेक्साल्फा नावाचं रेक्झिन बिनदिक्कत वापरलं. तुमच्या गाडीचं मूळ रेक्झिन कोणत्या रंगाचं होतं ते गाडीच सांगेल. आधी वरची कव्हरं काढा. आपल्या घरांत कव्हरावर कव्हर चढवायची पद्धत असल्याने टर्किश टॉवेलखाली आणखी काहीतरी निघेलच. मग सीटच्या मागची दुमड, पायपिंगची आतली बाजू, पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात दडलेला भाग बघा. तिथे ऊन लागलेलं नसतं. रंग आणि दाणा जुळवायचा तो त्या तुकड्याशी.

जुनी शिलाई ब्लेडने उसवायची, शेजारून कापायची नाही. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि वरची दिशा खडूने लिहायची. हे तुकडे म्हणजेच तुमचा कापण्याचा नमुना, काम संपून गाडी फिरायला लागेपर्यंत ते फेकू देऊ नका. कडक झालेलं रेक्झिन काढण्याआधी थोडं उन्हात ठेवलं तर तडकत नाही. खाली स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, काथ्या, कापूस असं निघेल. ओला होऊन काळा पडलेला काथ्या टाकायचाच, पण स्प्रिंगा धड असतील तर ठेवा. कुशनवाले स्प्रिंगा काढून घट्ट फोमचा ठोकळा बसवायला उतावीळ असतात. त्याने बैठक उंच होते, मांडी स्टिअरिंगला लागते, डोकं नव्या छताला लागतं आणि गाडीची ती जुनी मऊ उसळी जाते. म्हणून सीट देण्याआधी गाडीच्या जमिनीपासून बैठकीच्या पुढच्या कडेची उंची मोजून भिंतीवर लिहून ठेवा, आणि परत घेताना टेप घेऊन जा. वर फोमचा पातळ थर चालेल. दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती लवकर कुजतो. टाक्याची लांबी मात्र जुन्या भोकांवरूनच.

सीट काढलेली असतानाच सीटबेल्टच्या पट्ट्यांचा निर्णय घ्या. मूळ गाडीत नव्हते म्हणून लावायचे नाहीत हा हट्ट मला पटत नाही. कमरेचे साधे पट्टे लावा, पण बोल्टमागे जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करूनच, नुसत्या जमिनीच्या पत्र्याला भोक पाडून नव्हे.

तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, म्हणजे 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेता येतो, शुल्क 20,000 रुपये. त्यात चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा अशी अट आहे, म्हणून पत्र्याच्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह जपून ठेवा. शिवाय अशी नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. दर रविवारी बाहेर काढायचा बेत असेल तर अर्ज भरण्याआधी नियम नीट वाचा.

रेक्झिन घ्याल तेव्हा सीट, पॅनेल सगळ्यांसाठी एकदमच आणि एकाच ताग्यातलं घ्या, थोडं जास्तीचं. पुढच्या ताग्याचा रंग हमखास वेगळा निघतो. जमिनीचे डांबरी पट्टे काढल्यावरचे फोटो इथे टाकलेत तर कुठला पत्रा ठेवायचा आणि कुठला कापायचा ते सांगेन.