लंडनच्या आधी हेड्रियनची भिंत बघा

इंग्लंडच्या पहिल्याच फेरीत दहा किल्ले उरकू नका. एक जागा निवडा आणि तिथे दिवसभर रमा. माझं मत विचाराल तर उत्तर इंग्लंडमधली हेड्रियनची भिंत. इ.स. १२२ मध्ये रोमनांनी बांधायला घेतलेली, साधारण ११७ किलोमीटर लांब. भिंतीवरच्या हाउसस्टेड्स या रोमन ठाण्यात सैनिकांची सामायिक शौचालयं आणि धान्याची कोठारं अजून ओळखू येतात. जवळच्या विंडोलांडा या रोमन ठाण्याला तर जाच! तिथल्या ओल्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं टिकून राहिली. त्यात क्लॉडिया सेव्हेरानं मैत्रिणीला धाडलेलं वाढदिवसाचं आमंत्रण आहे, भिंतीच्याही आधीचं. राजांच्या सनावळीपेक्षा मला ते पत्र मोलाचं वाटतं. डोंगरावर वारा झोंबतो, उन्हाळ्यातही जॅकेट न्या. हाउसस्टेड्सला इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक जागा सांभाळणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व चालतं, विंडोलांडाचं तिकीट वेगळं.