लंडनमध्ये चांगले तापास, म्हणजे छोट्या बश्यांत येणारे स्पॅनिश पदार्थ, कुठे मिळतात? शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते. जागा नीट निवडली आणि तोंड उघडून विचारलं तर छान होते. आमच्या दादाला हे सहा वर्षं सांगतोय, म्हणून इथेही लिहितो.

2019 च्या उन्हाळ्यात दादा-वहिनी सांगलीहून आले होते. वहिनी मांस-मासे खात नाही, अंडं खाते. पहिल्या संध्याकाळी मी त्यांना थिएटरांच्या भागातल्या एका मोठ्या स्पॅनिश हॉटेलात नेलं, कारण तिथे चार जणांचं टेबल मिळत होतं. चूक माझी. वेटरला शाकाहारी म्हणून सांगितलं होतं, तरी वहिनीच्या पालक-हरभऱ्यात गुलाबी बारीक तुकडे निघाले. विचारलं तर म्हणाला, "मांस नाही, थोडा हॅम आहे." हॅम म्हणजे डुकराचंच मांस. वहिनीने चमचा खाली ठेवला तो ठेवलाच. दादा तेव्हापासून म्हणतो, "एवढीशी बशी, अव्वाच्या सव्वा बिल आणि वर धर्म बुडवतात."

दुसऱ्या दिवशी दादा आलाच नाही. मी वहिनीला बर्मंडसी स्ट्रीटवरच्या 'होसे'मध्ये नेलं. स्पॅनिश शेफ होसे पिझारो यांनी 2011 मध्ये काढलेला हा बार इतका लहान आहे की बरेच जण उभ्यानेच खातात. आधी पाद्रोनच्या मिरच्या आल्या. बोटाएवढ्या, तेलात परतून सालीला फोड आलेल्या, वर जाड मीठ. देठ धरून अख्खी तोंडात टाकायची. बहुतेक गोड, एखादी जाळ काढते. वहिनीला चौथी लागली. डोळ्यांत पाणी आलं आणि तिने पाचवी उचलली. मग भाजलेल्या पावावर टोमॅटोचा गर आणि ऑलिव्ह तेल, मग तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड आम्लेट. ते आतून ओलसरच असतं, कच्चं म्हणून परत पाठवू नका.

आता तुमच्यासाठी. सोहोत डीन स्ट्रीटवर 'बर्राफिना': काउंटरवर बसून स्वयंपाक समोर बघायचा, पैसे जातात पण वसूल होतात. एक्समथ मार्केटमधलं 'मोरो' 1997 पासून आहे, त्यात उत्तर आफ्रिकेचीही चव आहे. घरी करायचं तर पोर्टोबेलो रोडवर 'गार्सिया'. हे दुकान 1957 चं, पिमेंतोन म्हणजे धुरावलेल्या मिरचीची पूड तिथून घ्या. दारात पाएयाचे, म्हणजे स्पॅनिश भाताचे, रंगीत फोटो लावलेल्या ठिकाणी पाऊल टाकू नका.

आणि तापास ताटासारखे मागवायचे नसतात. चार बश्या एकदम मागवल्या की निम्म्या गार होतात, पोट भरत नाही आणि मग माणूस बिलावर चिडतो. दोन मागवा, वाटून खा, परत दोन मागवा. आपल्याकडे चखण्याला कोणी जेवण समजत नाही, तसंच हे.

एक राहिलं. नुसतं 'मांस नको' पुरत नाही. हॅम नको, मासे नकोत, हे वेगळं सांगा, कारण पुष्कळ जण हॅम चवीपुरताच धरतात. क्रोकेतात, म्हणजे तळलेल्या मऊ गोळ्यांत, बहुधा तो असतोच. कट्टर असाल तर मांचेगो चीजही विचारून घ्या, पारंपरिक पद्धतीत ते प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे जठरातून काढलेल्या पदार्थाने, विरजतात. होसेला गर्दीच्या वेळी जाऊ नका, वयस्कर माणसांना उभं राहणं जमत नाही.

दादा, वाचत असशील तर ऐक. वहिनी पोपटी मिरच्या तेलात परतून जाड मीठ घालते ना, ज्या तू दोनदा मागून घेतोस, त्या ती त्या दिवशी शिकली.