बोनमॅरो बदलला, तोंड तेच राहिलं

ताई, खानापूरहून तुम्ही विचारलंय: मुलगी १४ वर्षांची, फॅनकोनी ॲनिमिया (आईवडिलांकडून येणारा, रक्त नीट तयार न होण्याचा आजार), दोन वर्षांपूर्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट होऊन रक्त आता व्यवस्थित, मग जिभेच्या कडेवरच्या पांढऱ्या डागाला दाताच्या डॉक्टरांनी एवढं मनावर का घेतलं? तंबाखू तर तिच्या तोंडाला कधी लागलेली नाही.

डॉक्टरांचं बरोबर आहे. ट्रान्सप्लांटने फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या आल्या. जिभेच्या, हिरड्यांच्या, घशाच्या पेशी तिच्या स्वतःच्याच, आणि डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं त्यांना नीट जमत नाही. म्हणून या आजारात तोंडाचा कॅन्सर इतरांपेक्षा कित्येक शे पट जास्त दिसतो, तोही विशी-तिशीत, तंबाखूशिवाय. ट्रान्सप्लांटनंतर जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी शरीरावरच हल्ला करणं, झालं असेल तर धोका आणखी वाढतो.

आम्ही निपाणीचे. तंबाखूच्या वखारींचं गाव, त्यामुळे 'खात नाही ना? मग कसली भीती!' हे घरोघरी ऐकलं. माझ्या मुलालाही फॅनकोनीच. त्याच्या जिभेखाली चट्टा उठला तेव्हा सगळे म्हणाले, उष्णता आहे. गुलकंद झाला, तूप झालं, एका डॉक्टरांनी दोन महिने बी-कॉम्प्लेक्स दिलं. आणि मी ऐकत बसलो. शेवटी तुकडा तपासला, तर कॅन्सरच्या आधीची पायरी निघाली. तेवढा भाग काढला, निभावलं.

घाई एवढ्यासाठी की या मुलांना रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन (केमोथेरपीचं औषध) सोसत नाही, नेहमीचा डोससुद्धा जिवावर बेततो. मुख्य भिस्त ऑपरेशनवर, आणि ते गाठ लहान असतानाच सोपं. तेव्हा डाग जाईल म्हणून वाट बघू नका, तोंडाच्या कॅन्सरच्या सर्जनना दाखवा. पहिलं वाक्य 'फॅनकोनी आहे' हेच असू दे. मी तर फाईलवर लाल शाईने लिहून ठेवलंय.

एरवी दर सहा महिन्यांनी तपासणी. मधल्या काळात मी घरी बघतो: स्वच्छ रुमालात जिभेचं टोक धरायचं, दोन्ही कडा आणि खालची बाजू टॉर्चने बघायची, मोबाईलवर फोटो काढायचा. मागचा फोटो शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो. पोरगं वैतागतं, वैतागू दे. अल्कोहोलचा माउथवॉश बंद करा, एचपीव्हीच्या (कॅन्सर घडवू शकणारा एक विषाणू) लसीचं विचारून घ्या.

आणखी एक. सासूबाई तुमच्या सख्ख्या आत्या, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे लग्न नात्यातलं. आईवडील दोघांकडून जनुकातला तोच दोष आला असेल तर प्रत्येक मुलाला २५ टक्के शक्यता असते. धाकट्याची क्रोमोसोम ब्रेकेज टेस्ट (फॅनकोनी ओळखायची रक्ततपासणी) झालीय का?