खजिनदारकी लगेच घेऊ नका

बँकेतली नोकरी संपवून वारसा जतनाच्या कामात आलात, मनापासून आनंद झाला. पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणेल, 'यांना खजिनदार करा.' लगेच हो म्हणू नका. आधी काही महिने वारसा फेऱ्यांना नुसते चला. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सागवानी सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब जवळून बघा, कसब्यातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांशी बोला.

एक सवय मात्र सोडावीच लागेल, सर्वांत कमी दराची निविदा उचलण्याची. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओल बाहेर टाकते. स्वस्तातला कंत्राटदार वरून सिमेंट थापतो, ओल आतच कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. म्हणून दर बघण्याआधी कंत्राटदाराने चुन्याचं काम कुठे केलंय, ते स्वतः जाऊन बघा, शक्यतो पावसाळ्यानंतर.

तुमची खरी गरज कागदपत्रांत आहे. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जायला हवा. पुष्कळ संस्थांत तो रखडलेला असतो. तो मार्गी लावलात तर अध्यक्षपद आपसूक चालत येईल. आणि हो, इथे पगारी कुणी नाही. हुकूम सोडू नका. फोन करा, विचारा, सवड कधी आहे ते आधी ऐकून घ्या.