चौथ्या वर्षी ‘खा गं’, चौदाव्या वर्षी ‘पुरे गं’

इंग्लंडमधून एका आईनं लिहिलंय. लेक 14 वर्षांची. लहानपणी घास गालात धरून तासभर बसायची. मग काऊचिऊचे घास, टीव्ही, कधी धाक दाखवून भरवणं. आता डबा तसाच परत येतो, उन्हाळ्यातही अंगात सैल हुडी असते आणि ‘माझे दंड बघ किती जाड आहेत’ हे रोजचं झालंय. “हे माझ्यामुळे झालं का?” असं त्या विचारतात.

ताई, एवढं ओझं एकटीनं उचलू नका. ब्रिस्टल परिसरात 1991-92च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. लहानपणी सतत खाण्याची कुरकुर करणाऱ्या मुलांमध्ये 16व्या वर्षी ॲनोरेक्सियाचं (वजन वाढण्याच्या धास्तीनं खाणं तोडण्याचा मानसिक आजार) प्रमाण थोडं जास्त दिसलं, हे खरं. पण अशी बहुतेक मुलं पुढे नीट खातात-पितात. शिवाय ताटाला घाबरणारा आणि पुढे आरशाला घाबरणारा स्वभाव मुळात एकच असू शकतो, आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, नंतर वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. भूक मंदावणारच. 2 ते 6 या वयात नव्या पदार्थाची भीतीही सर्वात जास्त असते. हे तुम्हाला तेव्हा शेजारी बसून सांगायला कुणी नव्हतं. फोनवर आजीचं मात्र ‘पोर किती सुकलीये गं’ हे दर रविवारी होतं.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या वळणाची. वयात येताना मुलींच्या मांड्या-कंबर भरते, ती भरायलाच हवी. नेमकं तेव्हाच सुट्टीत घरी गेलं की दारातच कुणीतरी म्हणतं, ‘अंग धरलंय हो हिनं, आता भात कमी कर.’ आधी पोट भरलेलं असताना ‘अजून एक घास’, आता भूक असताना ‘पुरे’. दोन्ही वेळा तिच्या पोटाला कुणी विचारलंच नाही, आणि तिच्या अंगावर बोलायचा हक्क मात्र सगळ्यांना मिळाला.

त्यातून परदेशातल्या वर्गात वजनासोबत हातावरची काळी लव, रंग, डब्यातल्या भाजीचा वास हेही टोचत असतं. डबा परत येण्यामागे तेही असेल. गाडीत शेजारी बसलेली असताना सहज विचारा. समोर बसवून विचाराल तर उत्तर मिळणार नाही.

जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ मात्र याच आठवड्यात घ्या. पाळी चुकणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, जेवल्याबरोबर बाथरूम गाठणं, झपाट्यानं उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर ठासून सांगा. वजन चार्टवर ठीक दिसलं म्हणून घरी परत येऊ नका. इंग्लंडमध्ये मुलांच्या खाण्याच्या आजारांसाठी वेगळ्या सेवा आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी पालक थेट संपर्क करू शकतात.

‘काय, कधी, कुठे हे आईबापानं ठरवावं, किती हे मुलानं’ हा अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचा नियम धाकट्या भावंडासाठी उत्तम आहे. पण आजार निघाला तर तो या लेकीला लावू नका. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधून पुढे आलेल्या उपचारात काही काळ जेवणाची सूत्रं आईबाबाच हातात घेतात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तेव्हा शेजारी बसून खाऊ घालणं हा औषधाचाच भाग असतो.

आणि हो, नवरात्राचे नऊ दिवस उपास धरते म्हणाली, तर कौतुक करण्याआधी थांबा. डाएटला उपासासारखा आडोसा नाही. तुम्हीही ‘चतुर्थ्या धरल्या नि दोन किलो उतरले’ हे तिच्यासमोर बोलू नका.

आजीला एकदा वेगळा फोन करून सगळं समजावून सांगा. त्या माउलीच्या मनात मायाच आहे, फक्त ती वजनाच्या भाषेत बाहेर पडते. तिला दुसरा प्रश्न हवा. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं आधी विचारावं, ‘काय गं, शाळेच्या नाटकात तुला कुठलं काम मिळालं?’ आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा, दोघींना बोलू द्या.